सावेडीचे इंग्रज

सूर्यभान साळवे इंग्रज आहेत, ही बातमी सावेडीच्या मैत्री कॉलनीत सगळ्यांत शेवटी कोणाला कळली असेल, तर ती सूर्यभान साळव्यांना. त्या संध्याकाळी ते ऑफिसातून स्कूटर ढकलत घरी येत होते. (ही स्कूटर आठवड्यातून दोनदा त्यांना अशी पायी फिरायला घेऊन जाई.) कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, जो एरवी "या साळवेसाहेब" म्हणायचा, तो आज इस्त्री उभी करून "गुडीव्हिनिंग" म्हणाला. किराणा दुकानदाराने हात जोडायच्या ऐवजी पुढे केला. साळव्यांना वाटलं, बढतीची ऑर्डर आली की काय! घरी येतात तर पत्नी यशोधराबाई दारातच उभ्या.

"अहो, तुम्ही इंग्रज आहात म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. मला आत्ता गिरणीत कळलं. जरा आधी सांगितलं असतं तर दळण तरी तुम्हालाच आणायला लावलं असतं."

या सगळ्याचं मूळ सापडलं एस.टी.च्या अर्ध्या तिकिटात.

साळव्यांचे वडील बन्सी भिमाजी साळवे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार काष्टी, तालुका श्रीगोंदा. घरात आणि गावात आबा. आबांची उमेद साखर कारखान्याच्या गव्हाणीवर ऊस टाकण्यात गेली आणि निवृत्तीचा काळ पत्नी भामाबाईंशी भांडण्यात चालला होता. पासष्टीच्या पुढच्या माणसाला एस.टी.त अर्धं तिकीट लागतं हे त्यांना कळलं आणि त्या दिवसापासून त्यांनी विनाकारण प्रवास सुरू केला. श्रीगोंद्याला जाऊन चहा पिऊन यायचे. एकदा दौंड रोडवरच्या एका कंडक्टरने मात्र वयाचा दाखला मागितला. आबा लहानपणी दोन वर्षं शाळेत गेले होते, पण शाळेच्या बाहेर पडवीत बसून. त्यामुळे हजेरीपटापर्यंत त्यांचं नाव काही पोचलं नव्हतं. पण दाखला होता! घरी एका पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेला, तांबूस शाईचा, इंग्रजी. दुसऱ्या खेपेला आबांनी तो कंडक्टरच्या नाकासमोर उलगडला.

कंडक्टर बी.ए. होता, तेही इंग्रजी घेऊन. त्याने वाचलं आणि आबांच्या मिशांकडे पाहिलं.

"आजोबा, हे नॅन्सी कोण?"

"म्याच."

"हे बाईचं नाव आहे."

"आसंल. पर म्याच हाय."

"मग पूर्ण तिकीट घ्या, नाहीतर नॅन्सीला घेऊन या."

आता हा नॅन्सी प्रकार सांगायला हवा. आबांचे वडील भिमाजी नगरच्या छावणीत एका कॅप्टनच्या घोड्यांचे मोतद्दार होते आणि आई लंकाबाई त्याच कॅप्टनची मुलं सांभाळायची. सन एकोणीसशे पंचवीसला कॅप्टन दोन वर्षांच्या रजेवर मायदेशी निघाला, तेव्हा घोडे ठेवून मोतद्दार आणि आया बरोबर घेऊन गेला. तिकडे इंग्लंडात टिडलबरी नावाच्या गावी सव्वीस साली बन्सीचा जन्म झाला. मडमेला फ्लू झाला होता, म्हणून भिमाजी बाळाला कडेवर घेऊन एकटेच जन्माची नोंद करायला गेले. कारकुनाने नाव विचारलं. भिमाजींनी सांगितलं, "बन्सी." कारकुनाने विचारलं, "नॅन्सी?" भिमाजी म्हणाले, "येस सर." त्यांना इंग्रजीचे दोनच शब्द येत होते आणि ते दोन्ही त्यांनी वापरले. 'मुलगा की मुलगी' या रकान्यात मात्र 'मुलगा' असं बिनचूक लिहिलं गेलं, कारण कारकुनाने तो स्वतः पाहून घेतला.

तर एस.टी.साठी हे नाव दुरुस्त करून आण, असं सावेडीला येऊन सांगून आबांनी तो कागद मुलाच्या हवाली केला. सूर्यभान साळवे एका सरकारी कचेरीत आवक-जावक शाखेत हेडक्लार्क होते. चोवीस वर्षांत एक कागद त्यांनी गहाळ होऊ दिला नव्हता, तसाच एकही स्वतःच्या मनाने हलवला नव्हता. कागद आला की वरच्याचं मत घ्यायचं, हा त्यांचा शिरस्ता. इथे वरचे म्हणजे वरच्या मजल्यावरचे रविकांत खासनीस, कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. लोक सकाळी वर्तमानपत्र वाचतात, खासनीस फॉर्म वाचत. कुठल्याही अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक टायपात काय छापलंय ते त्यांना तोंडपाठ असे.

खासनिसांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, हुंगला, आणि खुर्चीतून उठले.

"साळवे, हा दुरुस्त करायचा कागद नव्हे. हा जपायचा कागद आहे."

"म्हणजे काय?"

"आबा तिकडे जन्मले, म्हणजे ते तिकडचे नागरिक. तुम्ही त्यांचे चिरंजीव, म्हणजे तुम्ही वंशाने तिकडचे नागरिक. पासपोर्ट हा तुमचा हक्क आहे, हक्क! माझा भाचा लेस्टरला आहे, मी खात्री करून घेतली."

"कधी घेतलीत? कागद तर आत्ताच दिला."

"परवा आबा जिन्यात दाखवत होते तेव्हाच ओझरता पाहिला होता," खासनीस म्हणाले. कॉलनीला बातमी आधी कशी पोचली याचा उलगडा इथे झाला.

साळव्यांनी एकच प्रश्न विचारला. "आणि आमची वृषाली?"

"ती ओघानेच आली! ओढ्याला पाणी आलं की पाटाला येतंच."

हे वाक्य ऐकलं आणि साळव्यांच्या मनाने उचल खाल्ली. वृषाली त्यांची एकुलती मुलगी. नर्सिंगचा कोर्स करून सावेडीतल्याच एका दवाखान्यात नोकरी करत होती, आणि इंग्लंडमधल्या मोठ्या इस्पितळात काम करायचं हे तिने नववीत असतानाच ठरवलं होतं. परवाने, परीक्षा, ओळखीपाळखी, कुठे ना कुठे घोडं अडत होतं. आणि इथे तर पणजोबांनी सत्तर वर्षांपूर्वीच दार उघडून ठेवलेलं!

मुंबईच्या ब्रिटिश कचेरीला पत्र गेलं. खासनिसांनी मजकूर सांगितला, साळव्यांनी टाइप केला, वृषालीने इंग्रजी सुधारलं, खासनिसांनी ते पुन्हा बिघडवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. इतकं अदबशीर सरकारी पत्र साळव्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्या कचेरीतून लोकांना जाणाऱ्या पत्रांत 'सबब', 'अन्यथा' आणि 'जबाबदारी आपणावर राहील' एवढंच असे. इथे चक्क 'आपल्याला तसदी देत आहोत याबद्दल दिलगीर' असं लिहिलं होतं. साळव्यांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि आपण मूळचे तिकडचेच असणार याबद्दल त्यांच्या मनात संशय उरला नाही.

तसदी मात्र तिहेरी होती. एक, नॅन्सी भिमाजी आणि बन्सी साळवे ही एकच व्यक्ती असल्याचा पुरावा. दोन, बन्सी आणि भामाबाई यांचं लग्न सूर्यभानच्या जन्माआधी झाल्याचा पुरावा. तीन, सूर्यभानच्या जन्माचा पुरावा. तिसरा सोपा होता. साळवे पन्नास सालच्या जूनमध्ये जन्मले होते आणि गावच्या नोंदवहीत तसं होतं. पहिल्या दोहोंनी मात्र त्यांची चांगलीच परीक्षा पाहिली.

मध्येच पंधरा ऑगस्ट आला. साल सत्त्याण्णव, म्हणजे स्वातंत्र्याला पन्नास वर्षं पूर्ण. मैत्री कॉलनीचे त्या वर्षीचे अध्यक्ष होते सूर्यभान साळवे आणि झेंडा अध्यक्षांनी फडकवायचा असा प्रघात. चौदा तारखेला कार्यकारिणीची तातडीची सभा भरली. विषय: इंग्रज माणसाने स्वातंत्र्यदिनाला झेंडा फडकवावा काय?

"व्यक्तिशः माझी हरकत नाही," एक सभासद म्हणाले, "पण पन्नासाव्या वर्षी बरं दिसत नाही."

"अजून पासपोर्ट कुठे मिळालाय?" साळवे म्हणाले.

"अर्ज केलाय ना? इच्छा दिसली."

खासनिसांनी तोडगा काढला. साळव्यांनी झेंडा फडकवू नये, उतरवावा; नाहीतरी इंग्रजांनी त्यांचा उतरवलाच होता. यावर टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी दोरी खासनिसांनी ओढली आणि गाठ न सुटल्यामुळे सगळी कॉलनी दहा मिनिटं वर बघत उभी राहिली. शेवटी साळव्यांनीच पुढे होऊन गाठ सोडवली. झेंडा उलगडला, फुलं पडली, ती बरीचशी साळव्यांच्याच डोक्यावर. पण हा झेंडा कोणी फडकवला, ते इतिवृत्तात आलं नाही. साळव्यांनी ते तीनदा तपासलं.

आता नॅन्सी. तालुक्याच्या कचेरीत प्रतिज्ञापत्र करायला साळवे आबांना घेऊन गेले. तिथल्या कारकुनाने मजकूर वाचला.

"नाव बदलायचंय की माणूस बदलायचाय?"

"दोन्ही नाही. तीच व्यक्ती आहे, एवढंच लिहून द्यायचंय."

"मग नॅन्सीची सही लागेल."

"अहो, नॅन्सी हेच!"

"तुम्ही म्हणता. नॅन्सीने म्हणायला पाहिजे."

आबा शांतपणे पुढे झाले. "सायेब, म्या नॅन्सी बोलतोय. ह्यो बन्सी माज्या वळकीचा हाय. चांगला मानूस हाय."

कारकुनाने जन्मात पहिल्यांदा एखाद्या अर्जदाराचं संपूर्ण समाधानकारक उत्तर ऐकलं असावं. त्याने शिक्का मारला. मात्र वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यावी लागेल, असं त्याने बजावलं. त्याप्रमाणे एका स्थानिक दैनिकात चार ओळी छापून आल्या: 'तमाम लोकांस कळविण्यात येते की मी नॅन्सी भिमाजी यापुढे बन्सी भिमाजी साळवे या नावाने ओळखला जाईन.'

तमाम लोकांस चांगलंच कळलं. काष्टीला त्या दिवशी बाजार होता. वांग्यांच्या ढिगापासून बैलांच्या दावणीपर्यंत पेपर फिरला. आबांचा दोस्त रंगनाथ, ज्याच्याबरोबर त्यांनी तीस वर्षं गव्हाणीवर ऊस टाकला, तो टोपी काढून म्हणाला, "तीस वरीस तुज्यासंगं बिड्या वढल्या, एकडाव तरी सांगायचंस रं!" साळव्यांना ते ऐकून मान वर करवेना. ते शेवेच्या दुकानामागे जाऊन उभे राहिले. आबा मात्र बाजारभर ताठ मानेने फिरले, आणि कोणी 'नॅन्सीआबा' म्हटलं की "व्हय" म्हणून उत्तर देत राहिले. कोणत्या हाकेला ओ द्यायची आणि कोणत्या नाही, यावर त्यांनी आयुष्यात पुष्कळ विचार केलेला होता. त्या मानाने ही हाक साधी होती.

उरलं लग्न. बन्सी-भामाबाईंचं लग्न सत्तेचाळीस सालच्या उन्हाळ्यात झालेलं, दारात मांडव घालून. ना फोटो, ना पत्रिका. म्हणून ग्रामसेवकासमोर दोघांचे आणि एका साक्षीदाराचे जबाब घ्यायचं ठरलं. साक्षीदार म्हणून छबूबाई आली. ती लग्नात करवली होती आणि जेवणात वाढपी कमी पडल्याचं तिला अजून आठवत होतं. सगळं जुळलं, फक्त भामाबाईंनी त्या महिन्यात आबांशी बोलणं टाकलं होतं. त्यांना न विचारता आबांनी दुभती शेळी देऊन गाभण नसलेली शेळी आणली होती.

ग्रामसेवकाने दप्तर उघडलं. "आजी, हे समोर बसलेत ते तुमचे पती का?"

भामाबाईंनी आबांकडे नीट पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं.

"मला न्हाई ठावं."

साळवे पुढे सरकले. "आई, अगं असं काय करतेस? माझ्या जन्माचा प्रश्न आहे."

"तुजी आई म्या हाय, त्याबद्दल माजं काई म्हननं न्हाई. ह्येंचं ह्येंनी बघावं."

"आजी, हो का नाही, एवढंच सांगा," ग्रामसेवक म्हणाला.

"पन्नास वरसं ह्या मानसाचं घर वढलं. त्ये पुराव्यात धरत न्हाईत व्हय? आनि माज्या हो म्हनन्यानं काय हुतंय? शेळी बदलताना इचारलं हुतं का, हो का न्हाई?"

ग्रामसेवकाने 'शेळी' हा शब्द जबाबात लिहिला आणि खोडला. छबूबाई मध्यस्थीला उठली. अर्ध्या तासाच्या वाटाघाटीनंतर असं ठरलं, की आबांनी शेळीच्या बाबतीत चुकल्याचं चारचौघांत कबूल करावं, मग भामाबाई लग्न कबूल करतील. आबांनी बराच वेळ विचार केला. टिडलबरीचं नागरिकत्व एका बाजूला आणि शेळी दुसऱ्या बाजूला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "चुकलं." भामाबाई लगेच ग्रामसेवकाला म्हणाल्या, "ल्हिवा. ह्योच त्यो. सत्तेचाळीस सालापासनं ह्योच हाय, बदली मिळाली न्हाई."

नोव्हेंबरात मुंबईचं बोलावणं आलं. साळव्यांनी रजेच्या अर्जात कारण लिहिलं: 'नागरिकत्वाचे कामी'. हे लिहायला नको होतं, पण त्या वेळी त्यांना खोटं लिहिणं बरं वाटेना. एस.टी.ने माळशेज घाटातून आबा, साळवे आणि वृषाली मुंबईला गेले. आबांनी नवं धोतर, पांढरा सदरा आणि कोशा फेटा घातला होता. साळव्यांनी सूट शिवला होता, आणि शिंपी काष्टीचा असल्यामुळे त्याची एक बाही हात पुढे केल्यासारखी राहत होती.

कचेरीत एक तरुण गोरी बाई होती. तिने एकेक कागद पाहिला. प्रतिज्ञापत्र वाचताना तिला हसू आलं, ते तिने खोकल्यात घातलं. मग ती आत जाऊन आली आणि उभी राहूनच आबांशी हात मिळवत काहीतरी म्हणाली. वृषालीने मराठीत सांगितलं, "आबा, त्या म्हणतात, तुम्ही जन्मापासून ब्रिटनचे नागरिक आहात. आजपर्यंत एक दिवसही खंड नाही."

आबा म्हणाले, "तिला सांग, मला कुनी कळवलं न्हाई."

वृषालीने तसं सांगितलं. त्या बाईने सरकारतर्फे दिलगिरी व्यक्त केली. मग ती साळव्यांकडे वळली. तेही नागरिक होते, वंशाने. त्यांनी अर्ज पुरा केला की पासपोर्ट मिळेल. साळव्यांनी छातीवर हात ठेवला, कारण बाही तिथेच थांबली होती.

"आणि मी?" वृषालीने विचारलं.

त्या बाईने कागद खाली ठेवले. मग तिने हळूहळू समजावून सांगितलं. वंशाने मिळालेलं नागरिकत्व एकाच पिढीला मिळतं. तिथे जन्मलेल्याचं ते मुलाला जातं. पण मुलगा परदेशात जन्मलेला, म्हणून त्याच्याकडून नातीला आपोआप जात नाही. तिच्या जन्माच्या वेळी कचेरीत नोंद केली असती, तर कदाचित गोष्ट वेगळी असती. आता तो मार्ग बंद होता. शिवाय साळव्यांनी परदेशी पासपोर्ट घेतला, तर भारताचं नागरिकत्व राहणार नाही, हे त्यांनी आपल्या सरकारला विचारून घ्यावं.

म्हणजे चौकशीअंती निघालं ते असं: ज्या मुलीला इंग्लंडला जायचं होतं, तिला काहीच नाही. ज्याला जायचं नव्हतं, त्या एकाहत्तर वर्षांच्या आबांना सगळं. आणि सूर्यभान साळवे, हेडक्लार्क, हे घरातले असे इंग्रज, की ते झाले तर नोकरी जाईल आणि बायको परक्या देशात राहील.

तिघांनी परतीची गाडी धरली. दुपार कलताना आळेफाट्याला गाडी चहाला थांबली. वृषाली कपात बघत बसली होती. साळवे म्हणाले, "माझंच चुकलं, बेटा. तुझ्या जन्माच्या वेळी मी नोंद करायला हवी होती."

"पप्पा, तेव्हा तुम्हाला काय स्वप्न पडणार होतं?" ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आता मी परीक्षा देईन आणि व्हिसाच्या रांगेत उभी राहीन. रांग मला येते. आबा, तुम्ही काय करणार? तुमचा हक्क आहे तो."

आबांनी बशीतला चहा संपवला.

"माजी आय सांगायची. तिकडं गेल्यावर पैल्या दिशी मडमेनं तिला पान्याला धाडली. गावात चौकात पंप हुता. आय बादली घिऊन लांब हुबी ऱ्हायली. कुनीतरी यील, वरनं पानी वतील, म्हनून. तासभर हुबी. मंग येक गोरी म्हातारी आली. तिला वाटलं, हिला पंप चालवता येत न्हाई. तिनं आयचा हात धरला, दांड्यावर ठिवला, आन शिकिवलं, आसं दाबायचं."

वृषालीने कप खाली ठेवला.

"आय म्हनायची, मी हासू का रडू, कळंना. दोन वरसांनी परत आली, तर हितं पुन्ना बादली घिऊन लांब हुबी. ह्ये मला लई दिस डोस्क्यात हुतं, की आपुन तितलंच आसतो तर बरं हुतं."

"मग घ्या ना पासपोर्ट," साळवे म्हणाले.

"आरं, पर त्या म्हातारीनं दया केली. हितं कोनी दया केली न्हाई. बाबासायबांनी कायदाच ल्हिवला. मी काय हितला नुस्ता जल्मानं न्हाई. हितला व्हायला आमी पान्यासाठी मार खाल्ला, आनि छप्पन सालाला धम्म घेतला. तितलं फुकाट मिळालंय, त्ये ऱ्हाऊ दे तितंच. आपुन मागितलं न्हाई तरी त्ये जात न्हाई, म्हनली ना ती बाई?"

"नाही जात," वृषाली म्हणाली.

"मंग झालं. तुला जायचंय तर तू सोताच्या पायानं जा. माज्या वशिल्यानं कशाला?"

गाडीचा हॉर्न वाजला. साळव्यांनी सूटचा कोट काढून हातावर घेतला आणि नगरपर्यंत तसाच धरून बसले. त्यांना फार हलकं वाटत होतं. त्याचं कारण कोट हेही असू शकेल.

पण साळव्यांनी विषय संपवला म्हणून सरकारने संपवला असं होत नाही. जानेवारीत त्यांच्या टेबलावर एक लखोटा आला. आवक-जावक शाखेत असल्यामुळे त्यांनी तो स्वतःच नोंदवला, क्रमांक टाकला आणि स्वतःला पोच दिली. रजेच्या अर्जातलं 'नागरिकत्वाचे कामी' आणि वर्तमानपत्रातली नोटीस, दोन्ही कोणीतरी वर पोचवलं होतं. 'आपण परकीय नागरिक असल्याचे समजते. तरी आपण भारताचे नागरिक आहात किंवा कसे, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

साळव्यांनी आयुष्यात हजारो खुलासे इतरांसाठी लिहून दिले होते, आणि प्रत्येक वेळी 'सविनय सादर की' पासून सुरुवात केली होती. या खेपेला त्यांनी एकच ओळ लिहिली: 'मी भारताचा नागरिक आहे.' खाली सही.

तीन दिवसांनी कागद परत आला. समासात हिरव्या शाईत साहेबांचा शेरा होता: 'खुलासा समाधानकारक. पुरावा जोडावा.'

साळवे घरी गेले आणि पुरावा शोधू लागले. ब्रिटनचे नागरिक असल्याचे त्यांच्याकडे एकूण तेवीस कागद होते, शिक्क्यानिशी. भारताचे नागरिक असल्याचा? रेशनकार्ड निघालं, त्याच्यावरच छापलं होतं, हे फक्त धान्यासाठी. जन्माच्या नोंदीवर जन्म होता, नागरिकत्व नव्हतं. जातीचा दाखला जात सांगत होता, विजेचं बिल वीज. खासनीस खाली आले, दोन तास बसले, आणि प्रथमच एकही फॉर्म न सुचून परत गेले.

दुसऱ्या दिवशी साळवे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. चोवीस वर्षांत ते तिथे न बोलावता कधी गेले नव्हते.

"साहेब, पुरावा मिळत नाही."

"असं कसं? काहीतरी असेलच."

"साहेब, आपल्याकडे कोणता आहे? तसाच आणतो."

साहेब म्हणाले, "अहो, माझ्याकडे..." आणि थांबले. त्यांनी ड्रॉवर उघडला. बंद केला. पाकीट काढलं, त्यातलं ओळखपत्र पाहिलं. त्यावर हुद्दा होता. त्यांनी घरी फोन लावला. पत्नीने गादीखाली, कपाटात, देवघरात पाहिलं, आणि शेवटी विचारलं, "तुम्हाला काय झालंय?" साहेबांनी मोठ्या बाबूला बोलावलं, त्याने लेखापालाला, लेखापालाने शिपायाला. दुपारपर्यंत कचेरीत कामाचा खोळंबा झाला. एकोणचाळीस माणसं आपापल्या पाकिटांत आणि घरी फोन करून भारत शोधत होती. कोणाकडे शाळेचा दाखला, कोणाकडे लग्नपत्रिका. शिपाई गाडे याच्याकडे वडिलांच्या बावन्न सालच्या मतदानाची आठवण होती, पण ती जोडता येण्यासारखी नव्हती.

चार वाजता साहेबांनी फाइल मागवली. पेनचं टोपण काढलं. मग हिरव्या शाईत लिहिलं: 'सखोल चौकशी केली. पुरावा कोणाचाच उपलब्ध नाही. सबब श्री. साळवे यांस तूर्त भारतीय समजण्यात यावे.'

रविवारी साळवे काष्टीला गेले आणि त्यांनी तो शेरा आबांना मोठ्याने वाचून दाखवला. भामाबाई नव्या शेळीला पाला घालत होत्या, त्यांनीही ऐकला.

आबा म्हणाले, "तूर्त म्हंजी किती दिस?"

"ते साहेबांनी लिहिलेलं नाही."

आबांनी बिडी पेटवली आणि विचार केला.

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आपुन बी इचारायचं न्हाई."